तिघींचं टरबूज

यंदा टरबुजांचे ढीग होळीच्या आधीच लागले. मोतीबागेच्या रस्त्याला ताडपत्री टाकून हिरवी रास मांडलेली, वर छत्रीसारखं एक कापड बांधलेलं आणि त्या सावलीत विकणारा डोक्याला पंचा गुंडाळून बसलेला. वडीगोद्रीकडून, गोदाकाठच्या गावांतून टेम्पो भरून हा माल येतो. पहिला ढीग दिसला की मी थांबते, ही जुनी सवय. यंदाही थांबले. एक टरबूज उचललं, हातात तोललं आणि परत ठेवलं.

"काय झालं मावशी? गॅरंटीचा माल हाय," तो म्हणाला.

त्याला काय सांगणार? माल चांगलाच होता. गिऱ्हाईकच अपुरं होतं.

टरबूज हे एकट्याने घ्यायचं फळच नव्हे. केळी दोन मिळतात, मोसंबी चार घेऊन येता येतं, आंबासुद्धा एकट्याने मोरीत उभं राहून चोखता येतो. टरबूज मात्र घरात आलं की माणसं मागतं. एकट्या बाईने ते आणलं तर पहिल्या दिवशी हौस, दुसऱ्या दिवशी कर्तव्य आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या फ्रीजला त्याचा वास. हल्ली अर्धं कापून, वर प्लास्टिक गुंडाळून ठेवतात. ते मला बघवत नाही. अर्ध्या टरबुजाकडे बघून मला नेहमी वाटतं, उरलेलं अर्धं कोणाकडे गेलं असेल?

आमचं टरबूज तिघींचं होतं. नसरीन, मंगल आणि मी. एकाच शाळेत शिकवत होतो. नसरीन विज्ञान, मंगल हिंदी, मी भूगोल. मंगल वाटूरकडच्या शेतकरी घरातली, आवाज खळ्यावरून हाका मारणाऱ्या बाईचा. नसरीन जुन्या जालन्यातली, कुंडलिका नदीच्या पलीकडची. मराठी आणि उर्दू तिच्या तोंडात इतक्या मिसळलेल्या की कोणती कुठे संपते ते तिलाही सांगता यायचं नाही. आणि मी. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कपाटात वडिलांनी पगारातून जमवलेली पुस्तकं. वडील शिक्षक होते, मीही झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं लोक इतकी वर्षं विचारत राहिले की आता कोणी विचारत नाही तर थोडं चुकल्यासारखं होतं. नवरा, सासू, मुलं यांच्या जागी माझ्याकडे या दोघी होत्या. त्या दोघींना मात्र नवरा, सासू, मुलं हे सगळं होतंच, मी त्यांच्याकडे वरची भर होते. हे गणित मला तेव्हाही ठाऊक होतं, पण मार्चपासून जूनपर्यंत ते जाणवायचं नाही.

कारण मार्च लागला की शाळा सकाळची व्हायची. ऊन चढायच्या आत पोरांना सोडायचं आणि मग आमचा खरा दिवस सुरू. पेपरांचे गठ्ठे नसरीनच्या स्कूटीच्या पायाशी कोंबायचे आणि तिघींनी एका स्कूटीवर बसायचं. नसरीन चालवणार, मंगल मध्ये, मी मागे. वर्गात वाहतुकीच्या नियमांवर भाषण देणाऱ्या तीन बायका ट्रिपल सीट निघाल्या की रस्त्यावर विद्यार्थी भेटणारच. एकदा सातवीतला एक मुलगा सायकलवरून आमच्याशेजारून जात होता. त्याने अगदी क्रमाने म्हटलं, "नमस्ते मॅडम. नमस्ते मॅडम. नमस्ते मॅडम." नसरीन गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "होमवर्क झालं का रे?" तो पोरगा सायकलवरून पडता पडता राहिला. मंगल इतकी हसली की आम्हीही पडणार होतो.

पहिला मुक्काम रसवंतीवर. लाकडी बाकडं, पाण्याने भिजवलेलं गोणपाट, चरकाला बांधलेले घुंगरू. नसरीन बसायच्या आधीच ओरडायची, "भैया, दो में तीन!" म्हणजे दोन ग्लास रस तीन ग्लासांत. चहाला ही रीत आमच्याकडे सगळीकडे आहे, नसरीनने ती रसालाही लावली. पैशांची चणचण नव्हती, तिघींना पगार होता. पण पूर्ण ग्लास घेतला की पोट भरतं आणि पुढच्या ठिकाणी जागा राहत नाही, हे तिचं शास्त्र. विज्ञानाची शिक्षिका असल्याने त्याला आम्ही आव्हान दिलं नाही. पुढची ठिकाणं पुष्कळ असायची. मठ्ठा, मोतीबागेतली भेळ, मटक्यातली कुल्फी. मंगलला कुल्फी चावून खायची सवय. तिच्या दातांचा तो आवाज ऐकून माझेच दात शिवशिवायचे.

आमच्या गावात उन्हाळा नुसता वरून येत नाही. लोखंडाच्या भट्ट्यांचं गाव, त्यात पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. टँकरचा हॉर्न ऐकला की गल्ली रिकामी होऊन रस्त्यावर येते. अशा गावात लोक गार गोष्टींवर जीव टाकतात, त्यात नवल काही नाही. मी भूगोल शिकवत होते, तेव्हा मुलांना अवर्षणप्रवण प्रदेश म्हणजे काय ते सांगताना नकाशा लावायची गरज पडली नाही. खिडकीतून बोट दाखवलं की झालं.

एप्रिलमध्ये जयंती. चौदा तारखेला आमच्या वस्तीत सरबताचा स्टॉल लागायचा, मिरवणुकीत येणाऱ्या लोकांसाठी. सकाळपासून लिंबं पिळायचं काम. दुपारपर्यंत बोटांच्या चिरा झोंबायला लागायच्या. मंगल आणि नसरीन दोघी मदतीला यायच्या. मंगल साखर ढवळायला, कारण तिच्या दंडात जोर. नसरीन घरून भिजवलेला सब्जा आणायची, मोठं पातेलं भरून. पहिल्या वर्षी आमच्या म्हाताऱ्या माणसांनी ते काळं बी पाहून नाकं मुरडली. "हे काय बेडकाच्या अंड्यावानी?" एक आजोबा म्हणाले. नसरीनने त्यांना ग्लास दिला आणि म्हणाली, "बाबा, पिऊन बघा, मंग बोला." ते परत परत आले. पुढच्या वर्षी नसरीनला यायला उशीर झाला तर त्यांनीच विचारलं, "ती सब्जावाली मॅडम न्हाई आली का?"

यंदाच्या जयंतीला मी स्टॉलजवळ उभी होते. तरुण मुलं हौशी आहेत, त्यांनी बाटलीतलं तयार सरबत आणलं होतं, लाल रंगाचं. एका मुलीने मला ग्लास दिला, "घ्या आजी." मी घेतला. चांगलं होतं, गार होतं, गोडही होतं. माझी बोटं मात्र लिंबाने झोंबत नव्हती. निळ्या झेंड्यांच्या त्या गर्दीत, सगळी माझीच माणसं असताना, मला फार एकटं वाटलं. हे कोणाला सांगायचं? सांगायच्या दोघी तिथे नव्हत्या.

मंगल पुण्यात असते. निवृत्तीनंतर मुलीकडे गेली, नातवंडं सांभाळायला. "दोन महिन्यांत येते," म्हणाली होती, ते दोन महिने अजून चालूच आहेत. फोनवर तिचा आवाज तोच, खळ्यावरचा. "नंदे, इथं टरबुजाला कलिंगड म्हणून राह्यले गं! नाव बदललं की चवबी बदलती काय की." मग म्हणते, "आन् इथं ते कापून डब्यात मिळतं, काट्यानं खायचं." तिला टरबूज काट्याने खाताना डोळ्यांपुढे आणायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. मंगलचं टरबूज खाणं म्हणजे हनुवटीपासून कोपरापर्यंतचा कार्यक्रम. फोनच्या शेवटी ती दर वेळी विचारते, "नसरीन कशी हाय?" मी दर वेळी म्हणते, "बरी आहे." पुढचं ती विचारत नाही.

नसरीन बरी नाही.

पण त्याआधी रमजानचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही वर्षं रमजान भर उन्हाळ्यात येत होता. जमीन भाजून निघायची आणि नसरीन पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता शाळेत. आवाज बसलेला, ओठ सुकलेले, पण शिकवण्यात कसूर नाही. ती आम्हाला म्हणायची, "प्या गं तुम्ही, मला काही वाटत न्हाई." तिला वाटत नसेल. आम्हाला वाटायचं. कोणी ठरवलं नाही, शपथ घेतली नाही, पण मी आणि मंगलने तिच्यासमोर पाणी प्यायचं बंद केलं. तिघी बरोबर असलो की तिघींचीही तहान एकच. मला ते जड गेलं नाही, मंगलला गेलं. ती दर तासाला "जरा फाईल बघून येते" म्हणून स्टाफरूमच्या बाहेर जायची आणि पदराने तोंड पुसत परत यायची. नसरीन विचारायची, "सापडली का फाईल?"

संध्याकाळी रोजा सोडायला आम्ही कधीकधी मोतीबागेत जमायचो. तोवर शाळेला सुट्टी लागलेली असायची. तलावाकडून येणारा वारा गरम, पण वारा तरी. नसरीन चादर अंथरायची, खजूर मांडायची, टरबूज कापून खापा ताटात लावायची. मग आम्ही तिघी त्या ताटाकडे बघत बसायचो. भोंगा वाजला की खायचं. एकदा भोंगा वाजला. मंगलने क्षणाचा विलंब न लावता खाप उचलून अर्धी तोंडात घातली, मी सरबताचा ग्लास ओठाला लावला. नसरीन मात्र हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि खांदे हलत होते. हसत होती.

"अगं येड्यांनो, ते कंपनीचा भोंगा हाय! शिफ्ट सुटली!"

मंगलचं तोंड भरलेलं. त्यातूनच म्हणाली, "मंग आता गिळू का थुंकू?"

"गीळ. तुझा रोजा कुठं व्हता? तू तर दिवसभर फाईल बघून राह्यली."

भट्ट्यांच्या गावात राहायचं तर असा घोटाळा व्हायचाच. त्यानंतर खरा भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोघींनी नसरीनकडे बघितलं, तिने मान हलवल्यावरच हात पुढे केला. खजूर तोंडात टाकून, डोळे मिटून ती पाण्याचा पहिला घोट घ्यायची. त्या घोटाच्या वेळचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. तहान लागणं ही चांगली गोष्ट आहे, कारण ती भागते, असं तो चेहरा बघून मला वाटायचं.

आता नसरीनची तहान भागत नाही. किडन्या गेल्या. आधी शुगर होती, ती आम्हा सगळ्यांनाच थोडीफार आहे, तिची मात्र आत आत पोचली. दिवसाआड डायलिसिस. "दहावीला उत्सर्जन संस्था मीच शिकवत व्हते," ती पहिल्यांदा म्हणाली. "किडनी काढायची रंगीत खडूनं. पोरं म्हणायची, मॅडमची किडनी बेस्ट. आता घ्या." मी हसले. तिला हसायचं होतं म्हणून हसले.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं. शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही, ते पायांवर, फुप्फुसांवर साचतं. सकाळी सून एक बाटली भरून ठेवते. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा, औषधाचा घोट, सगळं त्यातलं. आणि फळं बंद. नारळपाणी बंद, उसाचा रस बंद, मोसंबी बंद, टरबूज तर नावही काढायचं नाही. त्यातलं पोटॅशियम हृदयावर येतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मोसंबीच्या जिल्ह्यात राहून मोसंबी बंद. उन्हाळ्यात गावभर गार गोष्टींचे गाडे उभे, आणि ती खिडकीशी बसून बर्फाचा एक खडा जिभेवर फिरवते. कधी लवंग धरते दाताखाली. तहान चुकवण्याच्या अशा सगळ्या युक्त्या तिने शिकून घेतल्यात. विज्ञानाचीच शिक्षिका ती.

मी तिच्याकडे जाते तेव्हा पाणी पीत नाही. तिची सून पाण्याचा ग्लास घेऊन येते, मी म्हणते, "आत्ताच प्यायले." ही जुनीच रीत आहे, मला नवीन काही करावं लागलं नाही. फक्त एक फरक आहे. तेव्हा संध्याकाळ व्हायची. भोंगा वाजायचा, खजूर हातात यायचा, पहिला घोट घशाखाली उतरायचा. या रोज्याला संध्याकाळच नाही. मी तिच्या घरातून निघते, नदीवरचा पूल ओलांडून अलीकडे येते आणि पहिल्या टपरीवर घटाघट पाणी पिते. ती तिथेच खिडकीशी असते. त्या पाण्याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात एकदा रसवंतीवर गेले. मालक तोच, केस पांढरे झालेत. त्याने माझ्या मागे पाहिलं, उरलेल्या दोघी येतात का ते. मग विचारलं, "मॅडम, एकच?" मी म्हटलं, "एकच." पूर्ण ग्लास समोर आला. इतक्या वर्षांत मी तिथे पूर्ण ग्लास कधी घेतलाच नव्हता, तो केवढा असतो हेही मला ठाऊक नव्हतं. अर्धा प्यायले आणि पोट भरलं. शेजारच्या बाकड्यावर कॉलेजच्या मुली बसल्या होत्या, एकमेकींचे फोटो काढत, खिदळत. त्यांचा मला राग आला नाही. पण मी तिथे फार वेळ बसू शकले नाही.

माझ्या मनात या उन्हाळ्यात एकच भीती होती. नसरीन एक दिवस टरबूज मागेल. आणि मला नाही म्हणता येणार नाही. बाकी सगळ्यांना ती घाबरते, सुनेला, डॉक्टरला, मुलाला. मला ती कधीच घाबरली नाही. तिला काही हवं झालं तर ती माझ्याकडेच मागणार. मी दिलं तर तिला काही होईल, न दिलं तर ती तहानलेलीच जाईल. रात्रंदिवस हेच डोक्यात. तिच्या घरी जाताना मी मोतीबागेचा रस्ता टाळायला लागले, जणू ढीग मला दिसला नाही तर तिलाही आठवणार नाही.

तिने मागितलंच. डायलिसिस नव्हतं त्या दिवशी, फोनवर आवाज जरा ताजा होता.

"नंदे, काय करून राह्यलीस?"

"काही नाही. बसलेय."

"बसू नको. टरबूज घेऊन ये."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "पण मी आणणार नाही. तुला मारायला आणू का?"

"आण म्हणलं ना. आनी मोठं आण. छोटं बिलकुल नको."

"नसरीन, मला हे करायला लावू नकोस."

"तू आधी ढिगाजवळ जा, मंग फोन लाव. तुझ्यावर भरवसा न्हाई मला, तू दरसाल कच्चं उचलतीस."

ते खरं होतं. टरबूज निवडायचं काम तिचं. ती बोटांच्या मागच्या बाजूने टकटक वाजवायची, कान लावायची, आणि तिचा कान कधी चुकला नाही. मंगल शेतकऱ्याची लेक, पण तीही मानायची. मी गेले. का गेले, मला नीट सांगता येत नाही. वाटेत ठरवत होते की ढिगाजवळून फोन करेन आणि म्हणेन, संपलेत सगळे. ढिगाजवळ पोचले तर टरबुजं माझ्या कमरेएवढी रचलेली.

"फोन टरबुजाला लाव," ती म्हणाली. "वाजव."

भर उन्हात मी ताडपत्रीवर वाकले, एका हाताने फोन टरबुजाला टेकवला आणि दुसऱ्या हाताने टकटक केलं. विकणारा बघतच राहिला.

"कच्चं," फोनमधून आवाज आला. "दुसरं."

दुसरं वाजवलं. "हे जून झालंय. आतून दोरे निघतील. पुढचं." असं करत करत मी निम्मी रास वाजवली. विकणारा आता शेजारी येऊन बसला होता. "कोन हाय मावशी फोनवर?" त्याने हळूच विचारलं. "डॉक्टर," मी म्हटलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. तो खूष झाला. स्वतःच एक उचलून म्हणाला, "मंग हे दाखवा डॉक्टरला."

मी ते वाजवलं. मग नसरीन म्हणाली, "परत एकदा." परत वाजवलं. "हेच. जल्दी ये."

रिक्षात ते टरबूज मांडीवर घेऊन बसले. पूल ओलांडताना वाटलं, नदीत टाकून द्यावं. नदीत पाणी नव्हतं, ते खाली कोरड्या दगडांवर फुटलं असतं.

दुपारची वेळ. तिची सून नातवाला घेऊन माहेरी गेली होती, मुलगा कामावर, नवरा नमाजला. घरात कूलरचा आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास. नसरीन पलंगावर बसलेली, पाय सुजलेले, डाव्या हातावरची शीर दोरखंडासारखी वर आलेली. मला म्हणते, "हात लाव इथं." मी बोट ठेवलं. आत काहीतरी थरथरत होतं, मांजर घुरघुरावं तसं. "बघ, मशीन लावायला केलंय. चालू हाय अजून," ती म्हणाली. मग टरबूज मांडीवर ओढून घेतलं, सुरी मागितली. कापायला मी पुढे झाले तर माझा हात बाजूला केला.

सुरी लागली आणि टरबूज आपोआप तडकलं, आरपार. लाल. इतकं लाल की मी नजर दुसरीकडे वळवली. आता ती खाप उचलेल, मी तिचा हात धरेन, की धरणार नाही?

तिने मधला गाभा कापला, बिया नसलेला. त्या गाभ्यावरून आम्ही तिघी दरवर्षी भांडायचो, शेवटी त्याचे तीन वाकडेतिकडे तुकडे व्हायचे आणि प्रत्येकीला वाटायचं आपलाच लहान. तिने तो अख्खा माझ्या हातावर ठेवला.

"खा."

"आणि तू?"

"मला कशाला? मला मरायचंय का?" ती म्हणाली. "तुला खाताना बघायचंय मला. समदे माझ्यासमोर खायचं बंद झाले. सून आंबे आतल्या खोलीत खाती, नवरा चहा बाहेर पिऊन येतो. तू पाणी पीत न्हाईस. मला समजत न्हाई व्हय? घरात उन्हाळा आलाच न्हाई यंदा. तू खा, इथं, माझ्यासमोर. बराबर खा, मंगलसारखं."

मी तो गाभा हातात धरून बसले. रस बोटांमधून मनगटाकडे निघाला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची तहान राखली होती, आणि त्या नादात तिला एकटं पाडलं होतं, हे मला त्या वेळी कळलं. मी घास घेतला.

तसं गोड टरबूज मी जन्मात खाल्लं नव्हतं. थंड नव्हतं, उन्हात तापलेलं होतं, तरी तोंडात गेल्याबरोबर विरघळलं. माझे डोळे भरून आले. ती पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी लक्ष देऊन, प्रयोग बघावा तशी. तिच्या सुकलेल्या ओठांची हालचाल होत होती.

"गोड हाय?"

मला ते सांगता येईना.

"पाणचट आहे," मी म्हणाले. "फिक्कं. तुझा कान चुकला या वेळी."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हनुवटीवरून रस ओघळत होता, मी तो पुसला नाही. कूलरचं पाणी आत टपटपत होतं. मग तिने पदराने सुरी पुसली आणि उरलेलं टरबूज माझ्याकडे सरकवलं.

"चुकला असंल," ती म्हणाली. "परवा दुसरं आण. परवा डायलिसिस न्हाई. नीट ऐकते."

मी हो म्हणाले, आणि दुसरी खाप उचलली.